शिरोभिघात, जनुकभेद आणि प्रकृती : एक विचार

अलीकडे आयुर्वेदीय परिषदांतून, कार्यशाळांतून आणि क्वचित आपल्या या त्रैमासिकाच्या पानांतूनही एक विधान वारंवार केले जाते. ते असे की, आधुनिक जनुकशास्त्राने प्रकृतिसिद्धांत आता सिद्ध केला आहे. अर्वाचीन लोक ज्यास जीनोम म्हणतात तीच आपली प्रकृती. हे विधान टाळ्या मिळविणारे आहे यात शंका नाही. परंतु व्यासपीठावरून उतरून ते चिकित्सालयात शिरते, आणि मेंदूला मार लागलेल्या तरुणाच्या आईसमोर 'तुमच्या मुलाची प्रकृती वातप्रधान, तेव्हा फारशी आशा धरू नका' अशा रूपात उच्चारले जाते, तेव्हा त्याचा विचार निराळ्या गांभीर्याने करावा लागतो. हे वाक्य आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

शिरोभिघाताचा रुग्ण पहिल्या दिवशी आपल्याकडे येत नाही, येऊही नये. बेशुद्धी, वारंवार वमन, बाहुल्यांतील असमानता यांपैकी काहीही असता सीटी स्कॅन व मेंदूची शस्त्रक्रिया जेथे होऊ शकते तेथे त्यास तत्काळ पाठविणे एवढेच त्या वेळचे वैद्याचे कर्तव्य. आपल्याकडे तो येतो तिसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या महिन्यात. टाके सुकलेले असतात, पण झोप उडालेली असते. शिरःशूल, चक्कर, चिडचिड, विसराळूपणा आणि 'हा पूर्वीचा राहिलाच नाही' ही घरच्यांची तक्रार. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. जे वाचले, त्यांतील किती तरी जण आज आपल्या बाह्यरुग्ण विभागांत बसलेले आहेत. यांतील दोन रुग्णांचे वय सारखे, स्कॅनमधील रक्तस्राव जवळजवळ सारखा. तरी एक सहा महिन्यांत दुकानावर बसू लागतो आणि दुसऱ्यास स्वतःच्या गल्लीचे नाव आठवत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न प्राचीनांसही पडला होता आणि अर्वाचीनांसही पडला आहे.

अर्वाचीनांनी या प्रश्नाचा जो मागोवा घेतला तो मुळातून समजून घेण्याजोगा आहे. अपोलिपोप्रोटीन-ई नावाचे २९९ अमिनो आम्लांचे एक प्रथिन आहे. त्याचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असून माणसांत त्याचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात : एप्सिलॉन-२, एप्सिलॉन-३ आणि एप्सिलॉन-४. या तिहींत फरक तो केवढा? ११२व्या आणि १५८व्या स्थानी सिस्टीन आहे की आर्जिनीन, एवढाच. मेंदूत हे प्रथिन प्रामुख्याने तारापेशी निर्माण करतात, आणि दुखावलेल्या चेतापेशींच्या पटलांची डागडुजी होताना लागणारे कोलेस्टेरॉल व अन्य स्निग्ध द्रव्ये वाहून नेणे हे त्याचे एक प्रमुख काम होय. यांतील चौथा प्रकार अल्झायमर रोगाशी निगडित असल्याचे १९९३ मध्ये दिसून आले, आणि साहजिकच आघातानंतरच्या मेंदूकडे संशोधकांचे लक्ष वळले.

हे काम मुख्यतः स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाले. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये जी 'ग्लासगो कोमा स्केल' मांडली, जिचे तीन ते पंधरा गुण आज प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर दिसतात, तेच हे ठिकाण. १९९५ मध्ये जेम्स निकोल व सहकाऱ्यांनी डोक्याच्या माराने दगावलेल्यांच्या मेंदूंत अमिलॉइडचा साठा आणि एप्सिलॉन-४ यांचा संबंध दाखविला. १९९७ मध्ये टीसडेल, निकोल प्रभृतींनी 'लॅन्सेट'मध्ये ९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एप्सिलॉन-४ धारण करणाऱ्या ३० जणांपैकी १७ जणांची सहा महिन्यांनंतरची स्थिती प्रतिकूल होती, म्हणजे ५७ टक्के. उरलेल्या ६३ जणांतही प्रतिकूल १७च, म्हणजे २७ टक्के. दुपटीहून अधिक फरक! त्याच वर्षी तीस मुष्टियोद्ध्यांच्या एका अमेरिकन अभ्यासातही याच प्रकाराकडे बोट दाखविले गेले. जनुक सापडले, आता प्रश्न सुटला, अशी तेव्हाची हवा होती.

आम्हांस या कथेचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो, आणि आपल्या व्याख्यानांत नेमका तोच गाळला जातो. त्याच ग्लासगोच्या चमूने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी १,०९४ रुग्णांना घेऊन. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एप्सिलॉन-४ असलेल्यांत प्रतिकूल परिणाम ३६ टक्के, नसलेल्यांत ३३ टक्के. सरसकट संबंध नाही. मात्र मुले आणि तरुण यांच्यापुरते पाहिले असता हा प्रकार असणे हानिकारक दिसले. वय वाढेल तसा तो फरक पुसट होत गेला. स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष दहापट मोठ्या कसोटीवर घासून, तो टिकला नाही तेव्हा तसे छापून मोकळे होण्याचे हे धैर्य आपल्या संशोधनपर लेखनात किती वेळा आढळते, हे वाचकांनीच ठरवावे. पुढे २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक रुग्णांचा समग्र जीनोम चाळला गेला. आघातानंतरच्या परिणामातील सुमारे चतुर्थांश फरक आनुवंशिक असावा असा अंदाज निघाला, परंतु ठाम संख्याशास्त्रीय कसोटीस उतरेल असे एकही जनुकस्थान हाती लागले नाही. म्हणजे वारसा आहे. पण तो एका जनुकाच्या गाठोड्यात बांधलेला नाही, असंख्य ठिकाणी थोडाथोडा विखुरलेला आहे.

दुसरे उदाहरण याहून बोधक आहे. बीडीएनएफ या नावाने ओळखले जाणारे, चेतापेशींचे पोषण व वर्धन करणारे एक प्रथिन आहे. त्याच्या ६६व्या स्थानी काहींत व्हॅलिनच्या जागी मेथिओनिन असते. २००३ मध्ये असे दाखविले गेले की, मेथिओनिनवाल्या निरोगी व्यक्तींची प्रसंगस्मृती तुलनेने उणी असते. तेव्हा हा 'वाईट' प्रकार ठरला. पुढे व्हिएतनाम युद्धात मेंदूत आरपार जखमा झालेल्या अमेरिकन सैनिकांचा दीर्घकालीन अभ्यास झाला. या सैनिकांची भरतीच्या वेळची बुद्धिचाचणी उपलब्ध असल्याने आघातापूर्वीची व नंतरची तुलना तेथे शक्य होती. २०११ ते २०१४ या काळात त्यावर प्रसिद्ध झालेल्या निबंधांत, नियोजनक्षमता आणि सामान्य बुद्धी मेथिओनिनवाल्यांमध्येच अधिक टिकून राहिल्याचे दिसले! अन्य लोकसमूहांतील निष्कर्ष याच्याशी सर्वत्र जुळत नाहीत, आणि २०१५ मधील पिट्सबर्गच्या अभ्यासात तर या भेदाचा परिणाम रुग्णाच्या वयानुसार बदलताना आढळला. निरोगी अवस्थेत जे उणे, तेच आघातानंतर उपकारक ठरू शकते. तरुणपणी जे एक, ते वार्धक्यात दुसरे. वैद्यास यात नवल वाटण्याचे कारण नाही. द्रव्य एकांती हितकर वा एकांती अहितकर क्वचितच असते, अवस्थेनुसार ते ठरते, हे आपण प्रथम वर्षापासून शिकत आलो आहोत.

येथे एक मोह आवरावा लागतो. मस्तुलुंग, मज्जा आणि स्नेह यांचे नाते आपल्या मनात इतके दृढ आहे की, मेंदूत स्निग्ध द्रव्ये वाहून नेणारे प्रथिन हे वाचताच 'हेच ते मज्जागत स्नेहाचे वहन' असे म्हणावेसे वाटते. आम्हांसही वाटले. साम्य सुंदर आहे. परंतु साम्य म्हणजे प्रमाण नव्हे. या साम्याच्या बळावर घृतपानाने एप्सिलॉन-४चा दोष दूर होतो असे कोणी लिहू लागला, तर ते ना आयुर्वेद ठरेल ना जनुकशास्त्र. बीज, बीजभाग आणि बीजभागावयव या चरकोक्त संज्ञांचेही तसेच. त्यांचे सरळ भाषांतर गुणसूत्र आणि जनुक असे करून टाकण्याची घाई आजवर पुष्कळांनी केली आहे. वारशाने येणारी विकृती बीजाच्या सूक्ष्म अंशात असते, हा चरकाचार्यांचा तर्क थोर आहे. त्यास डीएनएची झूल पांघरल्याने तो अधिक थोर होत नाही.

आता मूळ प्रश्न. प्रकृती म्हणजे जीनोम का? संहितेनेच याचे उत्तर दिले आहे आणि ते नकारार्थी आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भाची देहप्रकृती ठरविणाऱ्या गोष्टी सांगताना चरकाचार्यांनी शुक्रशोणिताबरोबरच काल व गर्भाशय, मातेचा आहारविहार आणि महाभूतविकार यांचीही गणना केली आहे. शुक्रशोणितातून येणारा भाग जनुकांशी ताडून पाहता येईल. परंतु मातेने गर्भिणी अवस्थेत काय खाल्ले, गर्भ कोणत्या ऋतूत वाढला, हे जनुकांच्या अक्षरमालेत लिहिलेले नसते. जीनोम हीच प्रकृती म्हणणारा मनुष्य आयुर्वेदास मोठे करीत नाही, त्याचा एक चतुर्थांश ठेवून तीन चतुर्थांश टाकून देतो.

मग प्रकृतीचा शिरोभिघातातील साध्यासाध्यतेशी काही संबंध नाहीच का? तसेही नाही. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात सुखसाध्य व्याधीची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत प्रकोप पावलेला दोष आणि रुग्णाची प्रकृती समान नसणे हे एक आहे. म्हणजे प्रकृतीवरून परिणामाचा अंदाज बांधण्याची दृष्टी आपल्याकडे आहेच. शिरोमर्माच्या अभिघातात वायूचा प्रकोप प्रधान. सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात मन्यास्तंभ, अर्दित, मोह, वाणीचा व चेष्टांचा लोप अशी जी लक्षणे आली आहेत ती वाचताना न्यूरोसर्जरी वॉर्डातील रुग्ण डोळ्यांसमोर उभे राहतात. तेव्हा वातप्रकृतीच्या रुग्णास हा व्याधी अधिक कष्टाचा जावा, असे अनुमान निघते. पण ते अनुमान आहे. आणि त्याच अध्यायांत, त्याच श्वासात, दूष्य, देश, ऋतू, व्याधीची नवीनता, चतुष्पादसंपत्ती हेही सांगितले आहे. दशविध परीक्षेत प्रकृती ही दहांपैकी एक. सार, संहनन, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय यांस स्वतंत्र स्थान आहे. बलाचेही सहज, कालज आणि युक्तिकृत असे तीन प्रकार. जन्मजात ते केवळ पहिले. तिसरे तर वैद्याच्या व रुग्णाच्या हाती असलेले. ग्लासगोच्या १,०९४ रुग्णांत जनुकाचा परिणाम वयाशी गुंतलेला निघाला, तेव्हा एकट्या प्रकृतीवरून भविष्य सांगणाऱ्यांनी दशविध परीक्षेतील शेवटचा शब्द पुन्हा वाचावयास हवा होता.

प्रकृती व जनुके यांवरील भारतीय संशोधनाविषयी आम्हांस आदर आहे. पुण्यातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एचएलए जनुकभेद व प्रकृती यांचा संबंध तपासला. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतून २००८ मध्ये एकदोषप्रधान प्रकृतींतील जनुक-अभिव्यक्तीचा अभ्यास आला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या सहभागाने २०१५ मध्ये ३,४१६ पुरुषांच्या प्रकृतिपरीक्षणातून निवडलेल्या २६२ जणांचा जीनोम तपासून पीजीएम-१ या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध मांडला गेला. हे काम दखल घेण्याजोगे आहे. मात्र ते सारे निरोगी व्यक्तींवर झालेले आहे. त्यावरून मेंदूला मार लागलेला मनुष्य किती सावरेल हे सांगणे म्हणजे बियाण्याची पिशवी पाहून अवकाळी पावसानंतरचे पीक सांगण्यासारखे आहे.

त्यात आणखी दोन अडचणी. पहिली सर्वसाधारण : प्रकृती आपण सारे सारखीच ओळखतो का? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा आयुर्वेद चिकित्सकांनी वीस निरोगी व्यक्ती तपासल्या, आणि नाडी, जिव्हा व प्रकृती या तिहींबाबत त्यांचे परस्परांशी एकमत बेताचेच निघाले. दुसरी अडचण शिरोभिघातापुरती, पण फार महत्त्वाची. आघातानंतर मनुष्याचा स्वभावच पालटतो. मेंदूच्या अग्रभागास इजा झालेला शांत, स्थिर, कफप्रकृतीचा गृहस्थ तिसऱ्या महिन्यात क्षणाक्षणाला भडकतो. कोणी आजन्म चपळ असलेला मनुष्य दिवसभर भिंतीकडे पाहत बसतो. प्रश्नावली घेऊन त्याच्यासमोर बसणारा तरुण वैद्य जे टिपतो ती विकृती असते, आणि शीर्षक मात्र 'प्रकृती' असे देतो. अशा रुग्णाची प्रकृती आई, पत्नी वा भाऊ यांस अपघातापूर्वीचे विचारूनच ठरविली पाहिजे. आणि पूर्वीचे एखादे छायाचित्र मागवून पाहिले तर देहबांध्याचाही अंदाज येतो.

इतके सारे जनुकांचे महत्त्व कमी करण्यासाठी लिहिले आहे असे कोणी समजू नये. उलट, शिरोभिघाताच्या रुग्णात एक जनुकभेद असा आहे की जो आज, या घटकेस, आपल्या टेबलासमोर काम करीत असतो. आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. तो मेंदूचा नव्हे, यकृताचा आहे. आघातानंतर झटके येऊ नयेत म्हणून पुष्कळ रुग्णांना फेनिटॉइन दिलेले असते. या औषधाचे पचन मुख्यतः यकृतातील सीवायपी-२सी९ हे विकर करते. काही व्यक्तींत या विकराचा मंद प्रकार जन्मजात असतो. त्यांच्यात नेहमीची मात्राही रक्तात साचते आणि तोल जाणे, डोळ्यांची बुबुळे थरथरणे, सुस्ती ही लक्षणे उद्भवतात. फेनिटॉइनची सुरक्षित व विषारी पातळी यांतील अंतर मुळात थोडे. नातेवाईक म्हणतात, 'डॉक्टरसाहेब, याला चालताच येत नाही, मेंदूच खराब झाला'. आणि आपण बल्य चिकित्सा सुरू करतो. वस्तुतः तेथे रक्तातील फेनिटॉइनची पातळी तपासून घेण्यास सांगणे आणि मूळ न्यूरोसर्जनकडे चिठ्ठी देणे आवश्यक असते.

याच ठिकाणी आपली स्वतःची औषधेही हिशेबात घ्यावी लागतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ मध्ये फेनिटॉइन आणि शंखपुष्पीच्या कल्पाचा परस्परपरिणाम प्रसिद्ध केला. दोन रुग्णांत झटक्यांवरील ताबा सुटल्याचे लक्षात आल्यावर त्यांनी उंदरांवर प्रयोग केले, आणि सतत दिलेल्या शंखपुष्पी कल्पाने फेनिटॉइनची रक्तातील पातळी व झटके रोखण्याची शक्ती दोन्ही घटल्याचे आढळले. याच्या उलट, मिरी-पिंपळीतील पायपरिन फेनिटॉइनची रक्तातील पातळी वाढविते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. डोक्याला मार लागलेल्या विसराळू रुग्णास स्मृतीसाठी शंखपुष्पी आणि अग्निमांद्यासाठी त्रिकटू, याहून नित्याचे व्यवस्थापत्र आपल्याकडे कोणते? मंद विकराच्या रुग्णास त्रिकटू, किंवा ज्याची पातळी कशीबशी टिकून आहे त्यास शंखपुष्पी, हे विचार न करता लिहिले जाऊ नये. फेनिटॉइन आपण होऊन बंद करण्याचा सल्ला तर कोणीही देऊ नये. दिला जातो, हे आम्हांस ठाऊक आहे. १९९२चा हा निबंध आयुर्वेद महाविद्यालयांतील किती पदवीधरांना माहीत आहे याची चौकशी आम्ही आमच्यापुरती केली, आणि उत्तर समाधानकारक मिळाले नाही. जीनोमवरील व्याख्याने मात्र सर्वांनी ऐकलेली होती.

आता नातेवाइकांच्या प्रश्नाकडे वळू. गेल्या वर्षी एका तेवीस वर्षांच्या मुलाची आई खाजगी प्रयोगशाळेचा जनुक-अहवाल घेऊन आमच्याकडे आली. कोणाच्या तरी सल्ल्याने तिने तो करवून घेतला होता, त्यासाठी पोत विकली होती. त्यावर एप्सिलॉन-४ असा उल्लेख होता, आणि थोरल्या मुलाने त्याचा अर्थ शोधून, आता फिजिओथेरपीवर खर्च करण्यात हशील नाही, असे घरात जाहीर केले होते. 'वैद्यबुवा, या कागदात जे लिहिलंय ते खरं का?' एवढेच तिने विचारले. आम्ही म्हणालो, 'मावशी, कागदात आहे ते खरं. पण तुम्ही समजता तो त्याचा अर्थ नाही.' फिजिओथेरपी आणि वाचोपचार सुरू ठेवण्यास आम्ही सांगितले. ज्या अहवालाने चिकित्सा बदलत नाही, आणि ज्याने घरातील माणसांचा हात मात्र आखडतो, तो अहवाल मागवण्यात रुग्णाचे हित कोणते? प्रकृतीच्या नावाने केलेल्या भविष्यकथनास हाच न्याय लागतो. साध्यासाध्यतेचा विचार वैद्याने चिकित्सा ठरविण्यासाठी करावयाचा असतो, ती आटोपती घेण्यासाठी नव्हे.

खरोखर परिणाम कशावरून सांगता येतो? सुमारे दहा हजार रुग्णांच्या 'क्रॅश' या चाचणीवरून २००८ मध्ये जे गणित तयार झाले त्यात वय, ग्लासगो गुण, बाहुल्यांचा प्रतिसाद, शरीरावरील अन्य गंभीर दुखापती आणि सीटी स्कॅनमधील खुणा एवढ्याच गोष्टी आहेत. आणि श्रीमंत देशांसाठी एक व उर्वरित देशांसाठी दुसरे, अशी दोन स्वतंत्र गणिते करावी लागली. आघात तोच, पण परिणाम देशानुसार वेगळा. चरकाचार्यांच्या यादीत 'देश' हा शब्द आहे आणि चतुष्पादांत उपस्थाता म्हणजे परिचारकही आहे, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. शिवाय उत्तर युरोपच्या तुलनेत भारतीयांत एप्सिलॉन-४चे प्रमाणच कमी; तेव्हा ग्लासगोचे आकडे जसेच्या तसे सांगलीत किंवा जालन्यात लावणे मुळातच गैर.

आमची सूचना साधी आहे. शिरोभिघातानंतर येणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी आपल्या सभासदांनी एकपानी नोंदपत्रक ठेवावे. त्यात अपघाताची तारीख, डिस्चार्ज कार्डावरील पहिला ग्लासगो गुण, वय, हेल्मेट होते की नव्हते, चालू असलेली सर्व औषधे, नातेवाइकांकडून विचारून दोन वैद्यांनी एकमेकांस न विचारता ठरविलेली अपघातपूर्व प्रकृती, सार व सत्त्व यांची नोंद, आणि सहा महिन्यांनी ग्लासगोचीच परिणामश्रेणी, जी १९७५पासून जगभर वापरात आहे. जनुक-तपासणीची यात गरज नाही, पैशांचीही नाही. दोन वैद्यांचे प्रकृतीविषयी मत जुळले नाही तर तेही तसेच लिहावे, खोडू नये. नोंदपत्रकाचा नमुना आम्ही संघटनेच्या कार्यालयाकडे दिला असून, ज्यांस त्यात भर घालावीशी वाटते त्यांनी पुढील अंकाआधी कळवावे. विशेषतः सत्त्वपरीक्षा नातेवाइकांच्या सांगण्यावरून कशी टिपावी, याबद्दल आमचे स्वतःचे समाधान झालेले नाही आणि ज्येष्ठ वैद्यांचे मार्गदर्शन तेथे हवे आहे.